पांढरा दिवा दिसतोय तोवर: किर्केनेस ते बर्गन

नॉर्वेच्या किनारी बोटीने जाणार म्हटल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: जूनमध्ये जा, मध्यरात्रीचा सूर्य बघा. आम्ही गेलो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आणि तेही उलट, उत्तरेकडून दक्षिणेला. दोन्ही गोष्टी ठरवून. मला सूर्य नाही, दिवे बघायचे होते. उत्तर नॉर्वेत उन्हाळ्यात रात्र होतच नाही, त्यामुळे तिथले बरेचसे सागरी दिवे त्या दिवसांत चक्क बंद असतात. डिसेंबरात उलट अडचण, दिवस जवळजवळ नसतोच. फेब्रुवारीअखेर दोन्ही पुरेसं मिळतं.

बर्गन ते किर्केनेस हा 'हुर्तिग्रूतन' या किनारी बोटसेवेचा ३४ बंदरांचा मार्ग. जाहिराती काहीही म्हणोत, बोट क्रूझ कमी आणि एसटी जास्त. रात्री दोन वाजता कुठल्यातरी गावाच्या धक्क्याला लागते, खोकी उतरवते, दोन माणसं घेते आणि पंधरा मिनिटांत सुटते. पूर्ण फेरी बारा दिवसांची. आम्ही ऑस्लोहून विमानाने किर्केनेस गाठलं आणि फक्त दक्षिणेकडे येणारी अर्धी फेरी केली, पाच रात्री. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, तो वेळेत काढा.

ही सेवा सुरू झाली ती एका वहीच्या जोरावर. त्रोनहाइम ते हामरफेस्ट बारमाही जलद टपालबोट हवी, असं सरकारला वाटत होतं. मोठ्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं. हिवाळ्याच्या अंधारात, खडकांच्या त्या जाळ्यातून रात्री बोट कोण हाकणार? त्रोनहाइमच्या उत्तरेला तेव्हा जेमतेम २८ दीपगृहं होती. रिचर्ड विथ या कप्तानाने मात्र हो म्हटलं, कारण तो आणि त्याचा वाटाड्या आंदेर्स होल्ते आधीपासून प्रत्येक सफरीत टिपणं ठेवत आले होते: कुठल्या दिशेने, किती वेगाने, किती वेळ. २ जुलै १८९३ रोजी 'वेस्तरोलन' बोट त्रोनहाइमहून सुटली.

हे किती नाजूक काम आहे ते मला डेकवर हिशेब मांडल्यावर कळलं. दहा नॉट वेग म्हणजे सहा मिनिटांत एक सागरी मैल, १८५२ मीटर. घड्याळ एका मिनिटाने चुकलं की बोट तीनशे मीटर चुकली. इथे अनेक खिंडी तेवढ्या रुंदही नाहीत. वर प्रवाह बोटीला बाजूला ओढतो तो वेगळाच. होकायंत्र, घड्याळ आणि वही, एवढ्यावर माणसं बर्फाच्या वादळातून जात होती.

आता तुमच्यासाठी कामाची गोष्ट. जेवण झालं की पुढच्या उघड्या डेकवर जा, फोन खिशात ठेवा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. किनाऱ्यावरचे बरेच दिवे एकाच जागेवरून तीन रंग दाखवतात, प्रत्येक रंग ठरावीक कोनात. पांढरा दिसतोय तोवर वाट मोकळी, लाल किंवा हिरवा झाला की एका बाजूला सरकलात. बोट वळायला लागते तसा समोरचा दिवा लालाचा पांढरा होतो आणि तिथेच ती सरळ होते. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बायकोला केबिनमधून उठवून आणलं. (तिचं मत वेगळं आहे.) कोकणात आमच्या खाडीचे तांडेल देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून बोट आत घेतात. नॉर्वेच्या कोळ्यांचंही तेच तंत्र, अशा खुणांना ते 'मेद' म्हणतात.

सोबत 'देन नोर्स्के लूस' अवश्य ठेवा. 'लूस' म्हणजे वाटाड्या. नॉर्वेच्या नकाशा खात्याची ही खंडवार मार्गदर्शिका फुकट उतरवून घेता येते. पाठ्यपुस्तकासारखी रुक्ष आहे, पण खिडकीशी बसून पुढच्या सामुद्रधुनीचं पान काढलं की मजा येते. पाण्यावरच्या वाटाड्यांची सरकारी व्यवस्था इथे १७२० पासून आहे. ७० मीटरहून मोठ्या जहाजाला सहसा असा वाटाड्या, म्हणजे पायलट, घ्यावाच लागतो. पण आपल्या बोटीवर तो शिडीने चढताना दिसेल अशी आशा ठेवू नका. नेहमीच्या मार्गावरच्या कप्तानांकडे स्वतःच परवाना असतो.

तिसरा दिवस झोपून घालवू नका. सकाळी उशिरा बोट रिसयरेन्ना या खणून काढलेल्या उथळ कालव्यातून जाते. विथने यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, १९२२ मध्ये राजा हाकोन सातवा याने तो खुला केला. दोन्ही बाजूंच्या खुणा इतक्या जवळून जातात की बोलणं आपोआप थांबतं. दुपारी स्तोकमार्कनेसला बोट सुमारे तासभर थांबते. समोरच संग्रहालय आहे आणि १९५६ची 'फिनमार्कन' ही अख्खी बोट काचेच्या इमारतीत उभी आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या बोटी इथे मध्यरात्रीनंतर पोचतात. उलट दिशा निवडण्याचं माझं कारण हेच. तास अपुराच पडतो, म्हणून आधी फिनमार्कन, बाकी उरलं तर. नंतर राफ्तसुंद ही सामुद्रधुनी मावळतीच्या उजेडात मिळते. तिच्या कडेच्या त्रोलफ्योर्द या चिंचोळ्या खाडीत मात्र हिवाळ्यात बोट शिरत नाही.

आता बोट लागण्याबद्दल, म्हणजे मळमळीबद्दल. किनारा बराचसा बेटांच्या आडोशाने जातो, पण काही ठिकाणी समुद्र थेट अंगावर येतो. पाचव्या संध्याकाळी क्रिस्तियानसुंद आणि मोल्दे यांच्यामधला हुस्तादविका, आणि त्याच रात्री पहाटेच्या सुमारास स्ताद हे भूशिर. २०१९ मध्ये 'वायकिंग स्काय' जहाजाची इंजिनं बंद पडली ती हुस्तादविकातच. मी गोळी घेतली ती पोटात ढवळल्यावर, आणि तिचा उपयोग शून्य झाला. क्रिस्तियानसुंद सुटण्याच्या तासभर आधी घ्या, जेवण हलकं ठेवा आणि बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा.

शाकाहारी असाल तर आरक्षणातच कळवा. आम्ही नेलेली भाकरवडी तिसऱ्या दिवशीच संपली. डेकवर बर्फ जमतो, बुटांना लावायचे काटे बरोबर असू द्या. हातमोजे दोन जोड घ्या, कारण दुर्बीण धरायला एक काढावा लागतो आणि वाऱ्यात तो हमखास उडतो. माझा रिसयहाम्न बंदराच्या पुढे कुठेतरी पाण्यात आहे.