तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीच्या परवान्याचे पैसे भरावेत का?

दिवाळीत आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरी फराळाला मराठी मुले-मुली येतात. कोणी महिन्याभरापूर्वी विद्यापीठात दाखल झालेले असते, कोणी नुकतेच नोकरीला लागलेले. घरमालक, बँक आणि डॉक्टरची नोंदणी हे विषय बोलून संपले, की त्यांच्यातले कोणीतरी हमखास विचारते, “काकू, खोलीवर टीव्ही लायसन्सचं पत्र आलंय. ते पैसे भरायचे का?” आणि थोड्या वेळाने, जरा धीर करून, दुसरे कोणीतरी विचारते, “पण काकू, तुम्ही भरता? आणि पटतं तुम्हाला?”

हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर कायद्यात आहे, दुसऱ्याचे नाही. चकलीचा सोऱ्या हातात घेऊन उभ्या-उभ्या उत्तर देताना मी गेली अनेक वर्षे दोन्हींची सरमिसळ करत आले, म्हणून या वेळी नीट बसून लिहिते आहे.

आधी कायद्याचे. ब्रिटनमध्ये कोणत्याही वाहिनीवरचा कार्यक्रम प्रक्षेपित होत असतानाच पाहायचा किंवा रेकॉर्ड करून ठेवायचा असेल, तर त्या घराला परवाना लागतो. हे पैसे बीबीसीला, म्हणजे येथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेला जातात, पण वाहिनी बीबीसीचीच असली पाहिजे असे नाही आणि पडदा टीव्हीचाच असला पाहिजे असेही नाही. फोन आणि लॅपटॉपही त्यात आले. याशिवाय आयप्लेअरवर, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणाऱ्या सेवेवर, काहीही पाहायचे झाले, मग ते कधीचे का असेना, तरी सप्टेंबर २०१६पासून परवाना आवश्यक आहे. एप्रिल २०२५मध्ये या परवान्याचे वार्षिक शुल्क १७४ पाउंड ५० पेन्स झाले, म्हणजे महिन्याला साडेचौदा पाउंडांच्या आसपास.

आपली मुले अडखळतात ती पहिल्याच वाक्याशी. “आम्ही बीबीसी बघतच नाही,” असे ती अगदी प्रामाणिकपणे सांगतात. मी विचारते, भारताचा सामना कुठे पाहता? निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी मराठी वृत्तवाहिनी फोनवर चालू असते ना? हे सारे थेट प्रक्षेपण आहे. त्यातला एक पेन्सही बीबीसीने खर्च केलेला नसला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याला परवाना लागतो. उलट, रात्रीची मालिका ठाण्यातल्या आईबरोबर त्याच क्षणी पाहिली तर परवाना हवा आणि तीच मालिका दुसऱ्या दिवशी पोहे खाताना ॲपवर पाहिली तर नको, अशी ही मौज आहे. नेटफ्लिक्सवरचे चित्रपट, यूट्यूबवर आधीच टाकून ठेवलेल्या चित्रफिती आणि रेडिओ यांना परवान्याची गरज नाही. घर एकत्र भाड्याने घेतले असेल आणि करारनामा एकच असेल, तर एक परवाना सर्वांना पुरतो. प्रत्येक खोलीचा करार वेगळा असेल, तर सहसा प्रत्येकाने आपापला घ्यावा लागतो. मासिक हप्त्याने भरणार असाल, तर एवढे ध्यानात ठेवा की पहिल्या वर्षाचे सगळे पैसे पहिल्या सहा महिन्यांतच कापले जातात, त्यामुळे सुरुवातीचे हप्ते दुप्पट असतात. दरवर्षी कोणीतरी हे पाहून घाबरते.

विद्यार्थ्यांसाठी एक सवलत आहे आणि तिचा उल्लेख मी केवळ गंमत म्हणून करते. आईवडिलांच्या घरी परवाना असेल, तर शिकायला दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाला तो चालतो, पण त्याचे उपकरण स्वतःच्या बॅटरीवर चालणारे हवे आणि पाहताना ते विजेच्या प्लगला लावलेले नसावे. ज्यांचे आईवडील कोल्हापूरला किंवा नांदेडला आहेत, त्यांना या सवलतीचा काडीचाही उपयोग नाही.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: थेट काही पाहत असाल किंवा आयप्लेअर वापरत असाल तर भरा, नाहीतर भरू नका, आणि भरणार नसाल तर तसे कळवून टाका. तशी घोषणा संकेतस्थळावर करता येते. ज्या पत्त्यावर परवाना नाही, तिथे पत्रे येतच राहतात आणि त्यांची भाषा दरवेळी थोडी चढत जाते. दारावर तपासनीस आला, तरी न्यायालयाचे वॉरंट असल्याखेरीज त्याला घरात घेणे तुमच्यावर बंधनकारक नाही, हेही जाणून असावे.

आता दुसरा प्रश्न, जो मला खरा वाटतो.

पुण्यात माझ्या लहानपणी आमच्या घरी रेडिओचा परवाना होता. शिधापत्रिकेच्या शेजारी कपाटात ते पुस्तक असे आणि वडील दरवर्षी पोस्टात जाऊन पंधरा रुपये भरून त्यात तिकीट चिकटवून आणत. पुढे टीव्ही आला तेव्हा त्याचे वर्षाला पन्नास रुपये. परवाना तपासायला पोस्टाचा माणूस येईल ही धास्ती वाड्यात सगळ्यांनाच असे. आमच्याकडे तो कधी आल्याचे मला आठवत नाही, पण धास्ती मात्र नियमित होती. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली, तेव्हा एक लकडा मिटला असेच घरात सर्वांना वाटले. पैसे मात्र कुठूनतरी यावे लागतातच. ते सरकारी तिजोरीतून आणि जाहिरातींतून येऊ लागले. परवान्याच्या काळातही आकाशवाणी हे सरकारचेच खाते होते, त्यामुळे परवाना आला की स्वातंत्र्य येते असा दावा मी करणार नाही. तरीही, आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीला स्वायत्त करणारा कायदा १९९०मध्ये झाला आणि १९९७मध्ये अमलात आला, पण खर्चासाठी हात केंद्र सरकारपुढेच पसरावा लागत राहिला. अशा स्वायत्ततेची मर्यादा कुठे येते, हे रात्रीच्या बातम्या पाहणाऱ्या कोणालाही कळते. हा इतिहास पाठीशी असल्यामुळे या देशातल्या परवान्याकडे मी येथे जन्मलेल्यांपेक्षा जरा वेगळ्या नजरेने पाहते.

येथे ही पद्धत १९२२पासून आहे. तेव्हा रेडिओसाठी वर्षाला दहा शिलिंग द्यावे लागत. टीव्हीचा परवाना जून १९४६मध्ये आला, तो दोन पाउंडांचा. केवळ रेडिओसाठीचा परवाना १९७१मध्ये रद्द झाला, पण रेडिओचा खर्च आजही टीव्हीच्या परवान्यातूनच निघतो, आणि माझ्या बाबतीत सगळी गंमत इथेच आहे. मी टीव्ही फार कमी पाहते. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी सहापासून रेडिओ चालू असतो आणि तो ऐकायला परवाना लागत नाही. ज्या गोष्टीसाठी मी पैसे भरते, ती गोष्ट मला फुकट मिळू शकली असती.

पुण्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयात पुस्तके घरी नेण्यासाठी वर्गणी भरावी लागे, पण पुढच्या मोकळ्या खोलीत वर्तमानपत्रे कोणीही येऊन वाचावीत, त्याला पैसे नसत. सेवानिवृत्त शिक्षक, नोकरी शोधणारी मुले, मंडईतले हमाल, सगळे तिथे टेकत. त्या वर्तमानपत्रांचे पैसे आमच्यासारख्या वर्गणीदारांच्या खिशातून जात होते आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे मी ऐकले नाही. बीबीसीचा रेडिओ ही मला तशी पुढची खोली वाटते.

ही खोली लेस्टरकरांना विशेष जवळची असायला हवी, असे माझे मत आहे. बीबीसीचे पहिले स्थानिक रेडिओ केंद्र याच शहरात नोव्हेंबर १९६७मध्ये सुरू झाले. १९७२मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांपैकी हजारो जण येथे आले. त्यांनी लेस्टरला येऊ नये, अशी जाहिरात तेव्हा नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात दिली होती. त्याच शहराच्या रेडिओ केंद्राने १९७६मध्ये आशियाई श्रोत्यांसाठी रोजचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यातूनच पुढे बीबीसीची एशियन नेटवर्क ही सेवा उभी राहिली. हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याला जाहिरातदार मिळाला असता का, याची मला शंका आहे. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर तेव्हा सोन्या-साड्यांच्या पेढ्यांची आजच्यासारखी रांग लागलेली नव्हती. ज्या श्रोत्याच्या खिशात अजून काही नाही त्याच्यासाठी कार्यक्रम करायचा, तर पैसे त्याच्याकडून किंवा त्याला माल विकणाऱ्याकडून येऊन चालत नाही. जानेवारी २०२१मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हा बीबीसीने टीव्हीवर रोजचे शालेय धडे सुरू केले. आमच्या शेजारच्या घरात तीन मुले आणि एकच जुना लॅपटॉप होता. त्या घराला त्या धड्यांचा किती आधार झाला, हे मी भिंतीपलीकडून ऐकलेले आहे.

तेव्हा पैसे वसूल होतात का, असे विचाराल तर माझ्यापुरते होतात. परंतु हे पैसे ज्या रीतीने गोळा केले जातात, ती रीत मला पटत नाही, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की ही रक्कम सर्वांना सारखी आहे. मोठ्या बंगल्यातला सल्लागार आणि गोदामात रात्रपाळी करणारा कामगार दोघेही तेवढेच पैसे देतात. पंच्याहत्तरीच्या पुढच्या सर्वांना २०००मध्ये परवाना मोफत झाला होता. ऑगस्ट २०२०पासून ती सवलत पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारे सरकारी साहाय्य, घेणाऱ्यांपुरतीच उरली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परवान्याविना पाहणे हा येथे फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला एक हजार पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. विजेचे किंवा पाण्याचे बिल थकले तर तो दिवाणी मामला ठरतो, याचा मात्र गुन्हा होतो. इंग्लंडमध्ये अशी बरीच प्रकरणे एकच दंडाधिकारी, आरोपी समोर नसताना, कागदपत्रे पाहून निकाली काढतो. शिक्षा झालेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया असतात. स्त्रिया अधिक चुकारपणा करतात म्हणून हे घडत नाही. दिवसा दार वाजले की दार उघडायला घरात बहुधा बाईच असते आणि एकटीने मुले सांभाळणाऱ्या, हातातोंडाशी गाठ असलेल्या घरांत तर तीच असते. एखाद्या संस्थेविषयी मला कितीही आपुलकी असली, तरी तिच्या वर्गणीपायी अशा बाईच्या नावावर गुन्हा नोंदला जावा, हे मला मान्य होत नाही.

परवान्यामुळे बीबीसी सरकारपासून अलिप्त राहते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो आणि मीही तो केलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. शुल्क किती असावे हे सरकारच ठरवते. २०१०मध्ये ते १४५ पाउंड ५० पेन्सवर गोठवले गेले आणि पुढची काही वर्षे तिथेच राहिले. २०२२मध्ये १५९ पाउंडांवर पुन्हा दोन वर्षांसाठी गोठवले. परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चालणाऱ्या वर्ल्ड सर्व्हिसचा, म्हणजे बीबीसीच्या परदेशांसाठीच्या प्रसारणाचा भार २०१४पासून परवान्यावर टाकण्यात आला. आपल्याला जिव्हाळ्याची एक गोष्ट इथे सांगते: बीबीसीने १९४२मध्ये सुरू केलेले मराठी प्रसारण १९५८मध्ये बंद पडले होते. मराठी सेवा पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबर २०१७मध्ये, आणि तीही परवान्याच्या पैशांतून नव्हे, तर सरकारने विस्तारासाठी दिलेल्या खास अनुदानातून. तेव्हा परवाना म्हणजे काही तटबंदी नव्हे, फार तर कुंपण आहे. तरीही सरकारला दरवर्षीच्या अर्थसंकल्पात हात आखडता घेता येत नाही आणि काही वर्षांची रक्कम आधीच ठरलेली असते, एवढ्या कुंपणाचीही किंमत मला आमच्याकडचा इतिहास पाहता मोठी वाटते.

बीबीसी ज्या सनदेच्या आधारे चालते, ती सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते, म्हणून पुढे काय करावे याची चर्चा चालू आहे. जाहिराती घ्याव्यात किंवा ज्याला पाहायचे त्याने पैसे भरावेत, हे दोन्ही पर्याय मला नकोसे वाटतात, कारण दोन्हींत ती पुढची मोकळी खोली आधी बंद होईल. फ्रान्सने २०२२मध्ये परवाना रद्द करून खर्च करांच्या उत्पन्नातून भागवायला सुरुवात केली. तो रस्ता मला फार ओळखीचा वाटतो. जर्मनीत २०१३पासून घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराकडून ठरावीक रक्कम घेतात. तिथे तपासनिसाची कटकट मिटली, पण गरीब-श्रीमंतांना मोजमाप बव्हंशी एकच राहिले. मला स्वतःला फिनलंडची रीत सर्वांत बरी वाटते. तिथे २०१३पासून व्यक्तीच्या उत्पन्नाच्या प्रमाणात, वर मर्यादा घालून, वेगळा कर घेतात आणि अगदी कमी उत्पन्न असलेल्यांना तो माफ असतो. दार वाजवायला कोणी येत नाही. येथे तसे होईल की नाही हे माझ्या हातात नाही. होईपर्यंत माझ्या खात्यातून दरमहा परवान्याचे पैसे जात राहतील.

मागच्या दिवाळीत माझ्या भाच्याने हाच प्रश्न विचारला. तो थेट काही पाहत नाही, आयप्लेअर उघडत नाही, टीव्ही तर त्याच्याकडे नाहीच. मी त्याला पैसे भरायला सांगितले नाही. परवान्याची गरज नसल्याची घोषणा त्याच्याच फोनवर त्याच्याकडून भरून घेतली. भारताचा सामना असला, की तो बस पकडून माझ्याकडे येतो. परवाना घराच्या पत्त्याला असतो, पाहुण्यांच्या संख्येला नसतो, त्यामुळे त्यात बेकायदा काही नाही. मात्र सामना संपेपर्यंत मला स्वयंपाकघरातला रेडिओ बंद ठेवावा लागतो, कारण रेडिओवर चेंडू आधी पडतो आणि टीव्हीवर मागाहून, आणि मी आतून ‘गेला!’ म्हणून ओरडलेले त्याला खपत नाही.