एकसष्टचा आकडा नेमका कोणाचा?

बाबांच्या नावाने वेगमर्यादा ओलांडल्याची नोटीस आली आणि घरात दोन तट पडले. मर्यादा ताशी ५० किलोमीटर, यंत्राने नोंदवलेला वेग ६१. दादा म्हणाला, भरून टाका आणि मोकळे व्हा, एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कशाला चढायची? आई म्हणाली, इतकी वर्षं गाडी चालवताहेत, कधी साधा ओरखडा नाही, यांनी का भरायचा दंड? बाबा मात्र काहीच बोलत नव्हते. नोटिशीतल्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं होतं. दंड भरला तर गुन्हा मान्य केला असं समजलं जाईल, असं तिथे लिहिलं होतं.

मला विचारलं गेलं ते मी करते त्या कामामुळे. मी कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत आहे. वजनकाटे, दाबमापक, तापमापक आमच्याकडे येतात. ते किती खरं बोलतात हे आम्ही तपासतो आणि तसं प्रमाणपत्र देतो. वेग मोजणारी यंत्रं माझ्या हाताखालून गेलेली नाहीत, पण मापनाचे नियम सगळीकडे तेच. त्यामुळे बाबांनी नोटीस माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तू सांग. पण माझी बाजू घेऊन सांगू नकोस."

अशा वेळी लोक निर्णय घेतात तो बहुधा रकमेवरून, नाहीतर रागावरून. रक्कम लहान असेल तर भरायचं, राग मोठा असेल तर लढायचं. मला दोन्ही पटत नाही. रक्कम म्हणजे शिक्षेचा फक्त दिसणारा भाग. अनेक देशांत गुन्ह्याबरोबर लायसन्सवर पॉइंट, म्हणजे गुन्ह्याच्या नोंदीचे गुण, चढतात, ते काही वर्षं तसेच राहतात, विम्याचा हप्ता वाढू शकतो आणि ज्याचं पोट गाडी चालवण्यावर आहे त्याची नोकरी धोक्यात येऊ शकते. रागाचं म्हणाल, तर कोर्टात त्याचा काही उपयोग नाही. न्यायाधीशापुढे पुरावा लागतो.

म्हणून मी बाबांना सरळ विचारलं, "तुम्ही किती वेगात होतात?"

बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "पन्नासच्या आसपासच असणार. त्या रस्त्यावर मी जोरात जातच नाही. पण शपथेवर सांगायचं तर त्या क्षणी माझी नजर काट्यावर नव्हती."

मला त्यांचा अभिमान वाटला. पण या उत्तराने एक दार बंद झालं, हेही तितकंच खरं. 'मी अठ्ठेचाळीसने जात होतो' हा बचाव आता त्यांना घेता येणार नव्हता, कारण ते त्यांना माहीत नव्हतं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून आपण खरोखर काय सांगू शकतो, हे आधी स्वतःशी नक्की करावं लागतं. उरलेले प्रश्न दोनच होते. यंत्राने मोजलं ते बरोबर होतं का? आणि जे मोजलं ते बाबांच्या गाडीचंच होतं का?

पहिल्या प्रश्नावर इंटरनेटवर भरपूर सल्ले मिळतात आणि त्यातले बरेचसे चुकीचे आहेत. सगळ्यात लाडका सल्ला कोनाचा. कॅमेरा रस्त्याच्या कडेला तिरका असतो, म्हणून वेग जास्त दाखवतो, असं लोक छातीठोकपणे लिहितात. प्रत्यक्षात उलट आहे. अशा कॅमेऱ्यासोबतचं रडार रेडिओलहरी सोडतं आणि गाडीवरून परतलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली ते मोजतं. २४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करणाऱ्या रडारमध्ये ताशी एका किलोमीटरला साधारण ४५ हर्ट्झ फरक पडतो, म्हणजे ६१ ला २,७०० हर्ट्झच्या थोडा वर. गाडी सरळ रडारच्या दिशेने न येता तिरकी जात असेल, तर वेगाचा काही भागच रडारला दिसतो आणि आकडा कमी येतो. कोन २० अंशांचा असेल तर खऱ्या ६१ चे ५७ दिसतील. म्हणजे ही चूक चालकाच्या फायद्याची.

रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यांमध्ये हा ठरावीक कोन धरून आकडा दुरुस्त केलेला असतो. मग बसवतानाच कोन चुकला असेल तर? मी तेही करून पाहिलं. २२ अंश गृहीत धरलेत आणि प्रत्यक्षात २० च आहेत असं मानलं, तर दिसणारा आकडा जेमतेम दीड टक्क्याने वाढतो. एकसष्टमध्ये हा फरक एक किलोमीटरही भरत नाही. कोनाचा मुद्दा मी कागदावरून खोडला. बाबांनी मान हलवली. त्यांना पळवाट नकोच होती.

गाडीच्या काट्याबद्दलही लोकांचे गैरसमज आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो. म्हणून हा नियम पाळणाऱ्या गाडीत काटा पन्नासवर असेल तर खरा वेग पन्नास किंवा त्याहून कमी असतो. अर्थात टायर मूळ मापाचे असतील तरच. ज्यांनी काट्याकडे पाहिलं होतं त्यांच्यासाठी हा मुद्दा चांगला आहे. बाबांना तो उपयोगी नव्हता.

मग आम्ही यंत्राचं प्रमाणपत्र आणि छायाचित्रं मागवली. निर्णयाआधी प्रत्येकाने करावीच अशी ही एक गोष्ट आहे. पुष्कळ लोक पुरावा न बघताच भरतात किंवा न बघताच भांडतात. प्रमाणपत्र आलं तेव्हा मी ते माझ्या सवयीने वाचलं. यंत्राचा अनुक्रमांक नोटिशीतल्या क्रमांकाशी जुळतो का, तपासणीची तारीख घटनेच्या आधीची आहे का, मुदत संपलेली नाही ना, अनिश्चितता, म्हणजे मापनात किती चूक असू शकते ती, किती दिली आहे. सगळं जागच्या जागी होतं. त्यात खोट निघावी असं मला मनातून वाटत होतं, हे लपवत नाही, पण तो कागद ज्याने केला त्याने आपलं काम चोख केलं होतं. यंत्र बरोबर मोजतं, हे मला मान्य करावं लागलं.

खरी गोष्ट छायाचित्रांत होती. चौकटीत दोन गाड्या होत्या. अलीकडच्या लेनमध्ये बाबांची, आणि पलीकडून त्यांना ओलांडून जाणारी दुसरी, अर्धी चौकटीबाहेर. रडारचा झोत सुळक्यासारखा पसरत जातो. त्यात जे येईल त्यावरून लहर परतते. प्रमाणपत्र एवढंच सांगतं की ६१ हा आकडा बरोबर आहे. तो कोणाचा, हे त्यातून कळत नाही.

अर्ध्या सेकंदाच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रं होती आणि रस्त्यावर दर दोन मीटरवर पांढऱ्या रेषा आखलेल्या होत्या. त्या असतात त्या याच पडताळणीसाठी, रडारचं म्हणणं दुसऱ्या मार्गाने तपासता यावं म्हणून. ताशी ५० ने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे ६.९ मीटर जाते, ६१ ने जाणारी ८.५ मीटर. मी मागच्या चाकाचा टेकलेला बिंदू धरून मोजलं. बाबांची गाडी साडेतीन रेषांच्या आसपास सरकली होती, म्हणजे सातएक मीटर. पलीकडची स्पष्टपणे जास्त.

इथे मी स्वतःला आवरलं. छायाचित्रावरून मोजताना पाव रेषेची, म्हणजे अर्ध्या मीटरची चूक सहज होऊ शकते, आणि अर्ध्या सेकंदात अर्धा मीटर म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरहून थोडं अधिक. तेव्हा 'बाबा पन्नासने जात होते' असं मी म्हणू शकत नाही. सेहेचाळीस ते चौपन्नच्या दरम्यान, एवढंच म्हणू शकते. पण त्या पट्ट्यात एकसष्ट कुठूनही बसत नाही.

तरीही दादाचा मुद्दा शिल्लक होता आणि तो वजनदार होता: हरलो तर? याचं उत्तर देशागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये वेगाच्या साध्या गुन्ह्याला ठरावीक दंड १०० पौंड आणि ३ पॉइंट आहे, पण तो नाकारून कोर्टात गेलात आणि दोषी ठरलात तर कमाल दंड १,००० पौंडांपर्यंत, मोटरवेवर २,५०० पर्यंत जाऊ शकतो, वर खटल्याचा खर्च. जर्मनीत दंडाचा आदेश हाती पडल्यापासून दोन आठवड्यांत हरकत घ्यावी लागते. ती मुदत गेली की कितीही भक्कम पुरावा असला तरी पंचाईत. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्यासारख्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायला हवी, असं तो आला तेव्हा त्यात म्हटलं होतं. म्हणून नोटीस कुठलीही असो, आधी तिच्यावरची तारीख वाचावी आणि आपल्याकडे किती दिवस आहेत ते लिहून ठेवावं.

दादाने मला एक उदाहरणही दिलं, कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाचं. दिमित्री क्रिओउकोव्ह यांना 'स्टॉप'च्या पाटीपाशी न थांबल्याबद्दल दंड झाला होता. २०१२ मध्ये त्यांनी चक्क एक शोधनिबंध लिहिला: बाजूने पाहणाऱ्याला गाडीचा खरा वेग दिसत नाही, नजरेचा कोन किती वेगाने बदलतो ते दिसतं, आणि त्याच क्षणी मध्ये दुसरी गाडी आली तर थांबलेली गाडी न थांबलेली वाटू शकते. ते सुटले. दादाला म्हणायचं होतं की असं लढायला तेवढी बुद्धी आणि तेवढा वेळ लागतो.

मला त्यापेक्षा अमेरिकेतल्याच ओरेगन राज्याचे मॅट्स यार्लस्ट्रॉम जवळचे वाटतात. २०१३ मध्ये बीव्हर्टन इथे त्यांच्या पत्नीला सिग्नलच्या कॅमेऱ्याने दंड केला. पिवळा दिवा किती वेळ असावा हे ज्या सूत्रावरून ठरतं ते मूळचं १९६० चं, आणि वळण्यासाठी वेग कमी करणाऱ्या गाडीचा त्यात विचारच नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यावर राज्याच्या अभियंता मंडळाने त्यांनाच ५०० डॉलर दंड केला, परवाना नसताना अभियांत्रिकी केली म्हणून. ते त्याविरुद्धही लढले आणि २०१८ मध्ये संघराज्य न्यायालयात जिंकले. पुढे २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने पिवळ्या दिव्याबाबतच्या आपल्या शिफारशी बदलल्या. एका घरातल्या दंडामागे पुढच्या असंख्य चालकांशी संबंध असलेली चूक होती, आणि ती कोणीतरी बसून मोजल्यामुळेच दिसली.

मी प्रत्येकाला लढच असं सांगत नाही. एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, तिने लाल दिवा ओलांडला होता हे तिला स्वतःला ठाऊक होतं. तिची आशा एवढीच, की सुनावणीला पोलिस अधिकारी आला नाही तर प्रकरण आपोआप निकाली निघेल. काही ठिकाणी तसं होतंही. मी तिला दंड भर म्हटलं. ज्या खटल्यात आपल्याला सत्य माहीत आहे आणि ते आपल्या विरुद्ध आहे, तिथे न्यायालयाचा वेळ घेणं मला योग्य वाटत नाही. वेगमर्यादा हौसेने लावलेली नसते. ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. पन्नासऐवजी एकसष्टने जाणाऱ्या गाडीला ब्रेक दाबल्यावर जवळजवळ निम्मं अंतर जास्त लागतं, आणि त्या जास्तीच्या अंतरात एखादं मूल उभं असू शकतं. बाबाही हेच म्हणाले: "एकसष्ट माझे असतील तर मला शिक्षा व्हायलाच हवी."

शेवटी निर्णय त्यांनीच घेतला. हरलो तर वाढीव रक्कम परवडेल का, हे आधी पाहिलं. परवडत होती. ते निवृत्त आहेत, सुनावणीसाठी कोणाची रजा मोडत नव्हती. तरुणपणी नोकरीत असताना ही नोटीस आली असती तर आपण कदाचित भरून टाकलं असतं, असं ते म्हणाले. त्यात मला काही गैर वाटत नाही. निर्दोष असून वेळेअभावी दंड भरणारा माणूस भित्रा नसतो, त्याला तेवढी मोकळीक नसते. ज्याला ती आहे त्याने मात्र मागे हटू नये, असं मला मनापासून वाटतं.

निवेदनाचा मसुदा मी केला होता. त्यातलं पहिलं वाक्य होतं, 'मी वेगमर्यादेच्या आतच होतो.' बाबांनी पेन घेतलं आणि ते खोडलं. त्या जागी त्यांनी लिहिलं: माझा नेमका वेग मला सांगता येणार नाही. छायाचित्रात दोन वाहनं आहेत. नोंदवलेला वेग माझ्या वाहनाचा आहे, हे सिद्ध व्हावं. सोबत रेषांवरून केलेलं मोजमाप, त्यातल्या संभाव्य चुकीसह, जोडलं आहे.

त्यांनी 'गुन्हा नाकबूल' या चौकोनात खूण केली, सही केली आणि मुदतीच्या आत पाकीट टाकायला स्वतः गेले. सुनावणीची तारीख अजून यायची आहे.