मिरजेहून तानपुरा आणायचाय? जवारी समोर काढून घ्या, मगच पैसे द्या

मिरजेला तानपुरा घ्यायला जाणार असाल तर एक गोष्ट घरातून ठरवूनच निघा. जवारी म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज उघडणं. ती तुमच्यासमोर, तुमच्या पट्टीत (तुम्ही गाता त्या ‘सा’त) निघाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. विक्रेता कितीही गोड बोलला, भिंतीवरचे मोठ्या गवयांबरोबरचे फोटो दाखवले, तरी नाही. मला निघण्यापूर्वी हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणाले ते एवढंच, की मिरजेचा माल आहे, डोळे झाकून घे.

मी धरून चालले आहे की तुम्हाला स्वतःची पट्टी माहीत आहे, तानपुरा लावता येतो आणि खर्ज (खालच्या ‘सा’ची तार) उतरलेला कानाला कळतो. तेवढं येत नसेल तर क्लासमधल्या कुणा जाणत्याला सोबत न्या. एकटे जाऊ नका.

साताऱ्यात एका ओळखीच्यांनी एका विक्रेत्याचा नंबर दिला होता. फोनवर बोलणं झालं. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. तो म्हणाला, ‘काळी चारला लावून ठेवलाय ताई, जवारी काढलेली आहे, फक्त या आणि घेऊन जा.’ कारागिरांकडे थेट जाऊ नका, ते सुट्या गिऱ्हाइकाला दारात उभं करत नाहीत, असंही त्याने बजावलं. साताऱ्याच्या माहुली स्टेशनवरून सकाळची गाडी पकडली. कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज. बसायला जागा मिळाली, गाडी वेळेवर पोचली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

दुकानात जो तानपुरा पुढे आला तो चक्क पुरुषी होता.

पुरुषी तानपुरा काळी एक, पांढरी दोन अशा खालच्या पट्ट्यांसाठी बांधतात. भोपळा मोठा, दांडी लांब, तारा जाड. बायकांचा तानपुरा काळी चार-पाचच्या आसपास बोलायला हवा, म्हणून त्याचा भोपळा लहान आणि तारेची लांबी कमी. लांब तानपुरा वरच्या पट्टीत ओढायचा तर दोनच वाटा. जाड तार ठेवली तर ताण इतका वाढतो की तबलीला (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीला) सोसत नाही. बारीक तार लावली तर ताण आटोक्यात राहतो, पण आवाज पातळ होतो. या विक्रेत्याने बारीक तारा लावल्या होत्या. छेडल्यावर आवाज यायचा आणि लगेच विरायचा, मागे काही उरायचंच नाही. हा काळी चारचा नव्हे म्हटल्यावर उत्तर आलं, ‘हल्ली बायका मोठाच घेतात, घुमारा जास्त.’ घुमारा जास्त, पण त्या पट्टीत नाही!

मग हिशोब. तानपुरा 38,000. जवारीचे 2,500. खोळीचे 1,800. पॅकिंगचे 3,000. म्हणजे 45,300 रुपये. फोनवर जी जवारी काढून झाली होती तिचे पैसे दुकानात आल्यावर वेगळे कसे? तर म्हणे ती साधी जवारी, ही खास. अशी साधी आणि खास जवारी नसते. तानपुरा बोलतो किंवा बोलत नाही. आणखी 4,000 दिले तर सांबरशिंगाची घोडी बसवून देतो म्हणाला. हे तर मुळीच ऐकू नका. सांबरशिंगाच्या व्यापाराला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. चांगल्या लाकडाची किंवा हाडाची घोडी उत्तम बोलते, फक्त ती घासणारा हात हवा.

भोपळ्याला गडद लाल-काळं पॉलिश होतं आणि खालच्या बाजूला, कोरलेल्या पानांच्या नक्षीपाशी, बोटाला एक उंचवटा लागत होता. बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं तर तेवढ्याच भागात आवाज मुका. भोपळा तडकलेला होता आणि जोड देऊन वर नक्षी चढवली होती. जोड देणं हा गुन्हा नाही, जुने नावाजलेले तानपुरेही सांधलेले असतात. पण 38,000 सांगताना ते बोलायला हवं होतं.

दारावर मानांकनाचा मोठा फलक होता आणि दर तिसऱ्या वाक्याला तो त्याकडे बोट दाखवायचा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे. मात्र ते मानांकन गावच्या कलेला आहे. तुमच्या मांडीवर ठेवलेला तानपुरा सुरात बोलतो की नाही, हे फलकावरून कळत नाही. तो कानानेच ठरवायचा.

मी तिथून उठले, रिक्षा केली आणि ‘सतारमेकर गल्ली’ एवढंच सांगितलं. तुम्हीही स्टेशनवरून थेट हेच करा. कारागीर सुट्या गिऱ्हाइकाला उभं करत नाहीत ही साफ थाप आहे. दारात पाय ठेवल्याबरोबर सतरंजी झटकून बसायला दिली, आणि पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. ‘ताई, तुमची पट्टी कुठली?’

मिरजेतले हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रं घडवणारे आणि पाजवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तलवारींची मागणी सरली आणि संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यांचं काम सुरू केलं. पुढे घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. कानस आणि पोलाद पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हातात होतं, त्यांच्याच हातात घोडी घासण्याचं काम यावं, हे मला तिथे बसल्या बसल्या फार पटलं.

मागच्या खोलीत भोपळे टांगलेले होते, काही माणसाला कवेत घेता येणार नाहीत एवढे. हे खाण्याचे नव्हेत, कडू भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, वेलावरच आकार धरतात आणि सुकल्यावर मिरजेत पोचतात. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंडात काड्यांचा आधार देऊन हवा तसा ताणतात, पुन्हा वाळवतात. मग तुणीच्या लाकडाचा गळा आणि पोकळ दांडी जोडतात आणि समोरून तबली बसवतात. तबली सपाट नसते, किंचित फुगीर असते, म्हणून ती घोडीचा भार पेलते. नक्षी आणि लाखेचं पॉलिश सगळ्यात शेवटी. घेताना लोक मात्र सगळ्यात आधी नक्षीच बघतात. तुम्ही फिकट पॉलिशचा मागा. भोपळ्याचे मूळचे डाग आणि भेगा दिसतात, आणि दिसल्या म्हणजे विचारता येतं.

आता जवारी. सगळा खर्च, सगळी दगदग या एका गोष्टीसाठी आहे.

त्या कारागीर चाचांनी चारही तारा माझ्या सुरात आणल्या. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या (‘सा’च्या), शेवटची पितळी खर्जाची. छेडून पाहिलं आणि मान हलवली. ‘मिटलेला आहे.’ तारा सैल केल्या, एक एक करून बाजूला सारल्या आणि घोडी खिडकीच्या उजेडात तिरपी बघायला सांगितली. घोडीची पाठ सपाट वाटते पण नसते, पुढच्या कडेकडे अगदी हलका उतार असतो. त्या उतारावर तारांनी घासून चार चकचकीत रेघा उमटवल्या होत्या. खर्जाची रेघ मध्येच तुटत होती. तिथे लाकूड केसभर खाली होतं आणि तार त्या जागेवर टेकतच नव्हती. त्यांनी बारीक कानस आजूबाजूने हलक्या हाताने फिरवली, फुंकर मारली, तारा परत चढवल्या, पुन्हा सुरात आणल्या. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घातला आणि नखाने कणाकणाने पुढे सरकवू लागले. एका जागी आवाज एकदम उघडला. खोलीत दुसरं कुणीतरी गायला लागलं असं वाटलं. चाचांना तेही पुरेसं नव्हतं. पंचम अजून जोडापेक्षा जास्त झणझणतो म्हणाले आणि पुन्हा तारा उतरवल्या. हे कितीदा झालं ते मोजलं नाही. दुपार सरली.

त्याचं कारण सांगते, म्हणजे घाई करणार नाही. गिटारीची तार कडेच्या एका बिंदूवर सुटते. तानपुऱ्याची तार घोडीच्या उतारावर टेकत-सुटत राहते, म्हणून वरचे स्वर सतत जागे राहतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला. तार ज्या ठिकाणी छेडली असता एखादा उपस्वर (मूळ सुराबरोबर वर उमटणारा स्वर) उमटायलाच नको, त्या ठिकाणी छेडली तरी या घोडीमुळे तो ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. आपल्या भाषेत, न छेडता आपोआप उगवणारा स्वयंभू गंधार हा असाच एक उपस्वर. फक्त खर्ज छेडायचा आणि थांबायचं. वर गंधार स्वच्छ उगवला तर जवारी निघाली. उगवला नाही तर कानस पुन्हा उचलायला सांगा, आणि सांगताना भीड बाळगू नका. खऱ्या कारागिराला राग येत नाही. अगदी खुली जवारीही नको, पत्र्यासारखी झणझणते आणि गाणाऱ्याचा सूर झाकते. मालकंस, बागेश्री गात असाल तर पंचमाची तार मध्यमावर उतरवूनही तिथेच ऐका. पंचमाला बोलणारा तानपुरा मध्यमाला मिटू शकतो.

माझा तानपुरा 24,000 ला पडला. जवारी आणि जादा तारांचा संच त्यातच, खोळीचे 900 वेगळे. 45,300 आणि हे, दोन्ही एकाच गावात, एकाच दिवशी. विक्रेत्याच्या साखळीत एवढे पैसे जातात आणि चाचांच्या हातात काय पडतं कोण जाणे. म्हणून पुन्हा सांगते, थेट गल्लीत जा.

सतार घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. सतारीला घोड्या दोन, मोठी आणि तरफांची (खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांची) छोटी, दोन्हींची जवारी तपासा. पडदे (दांडीवरच्या धातूच्या आडव्या कांड्या) दोऱ्याने बांधलेले असतात आणि सरकतात, त्यामुळे पडदा बेसूर वाटला तर घाबरू नका. पण मींड ओढून, म्हणजे तार पडद्यावर बाजूला खेचून सूर चढवून बघा. तार पुढच्या पडद्याला घासून खरखरली तर दांडीला बाक आलेला असू शकतो, ती सतार परत ठेवा.

वेळ उरला तर मीरासाहेबांच्या दर्ग्यात जा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर तिथे आहे आणि दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. सांगलीचं भडंग स्टेशनवर मिळतं.

परतीचा प्रवास मात्र वाईट. तानपुरा वजनाला हलका पण आकाराने अडचणीचा. जनरल डब्यात भोपळ्याला टेकून एकाने पत्र्याची ट्रंक ठेवली, दुसऱ्याने दांडीवर छत्री अडकवली, आणि कऱ्हाड येईपर्यंत मी दोन्ही हात पसरून उभी होते. असं अजिबात करू नका. स्लीपरची वरची बर्थ आरक्षित करा आणि तबली वर करून तानपुरा आडवा ठेवा. तुम्ही कुठेही बसा. लगेजच्या डब्यात किंवा बसच्या डिकीत देऊ नका, पॅकिंगचे 3,000 भरले तरी. साध्या गोधडीत गुंडाळला की पुरे.

निघण्यापूर्वी तारा दोन-तीन स्वर उतरवा, पण पूर्ण सैल करू नका. कित्येक तानपुऱ्यांची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावर उभी असते. ती सरकली तर दिवसभराची मेहनत गेली. कडेने पेन्सिलची रेघ मारून ठेवा, सुताच्या जागांचा मोबाइलवर फोटो घ्या. ऐन पावसाळ्यात जाऊ नका, ओल्या हवेत खुंट्या फुगतात आणि सूर ठरत नाही. नंतर खुंटी घसरायला लागली तर खडू लावा, तेल नको. घरी पोचल्यावर लगेच पट्टीत चढवू नका. रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी आधी जोड लावा, मग खर्ज, शेवटी पंचम, आणि सूर बारीक जुळवायचे तारांवरचे मणी अगदी शेवटी हलवा.