सांगलीत आहे, आठवडाभर!

पहाटे स्टेशनवर उतरलो तर रिक्षावाल्या मामांचा पहिलाच प्रश्न, “किती दिवस हाईस?” ओळख ना पाळख! पुण्यात असं विचारणारं कोणी नाही बघा.

आईनं भडंगाचा डबा भरूनच ठेवला होता. विकतचं पाकीट वाईट असतं असं नाही, पण घरी लसूण सढळ हातानं पडतो, शेंगदाणा खरपूस तळला जातो आणि चिरमुरा कुरकुरीत राहतो. वर कच्चा कांदा, लिंबू. जेवणाआधीच अर्धा डबा संपवला आणि बोलणी खाल्ली.

दुपारी मार्केट यार्डाकडं चक्कर. हळदीचा सीझन, पोत्यांची उतराई चाललेली. तो वास घरी येईपर्यंत शर्टाला होता.

पण खरी ओढ हरिपूरची. संगमेश्वराचं दर्शन घेतलं आणि वारणा कृष्णेला मिळते तिथं घाटावर निवांत बसलो. मोबाईल खिशातच. (बायकोचे तीन मिस्ड कॉल, ते वेगळं.) येताना मुद्दाम आयर्विन पुलाकडं वळलो. १९२९ चा पूल. २०१९ च्या महापुरात इथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आज खाली म्हशी आरामात डुंबत होत्या. आमच्या गल्लीतले लोक अजूनही उंची सांगताना भिंतीवरची पुराची रेघच दाखवतात.

उद्या सकाळी गणपती मंदिर, मग मिरजेला मावशीकडं. भावे नाट्यगृहात या आठवड्यात काही लागलंय का? आणि शाळेतल्या मंडळींनो, फोन करा रे. भेळ माझ्याकडून, चहा तुमच्याकडून.