दोऱ्याने मोजलेला तोरणा

राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरणा इतका जवळ दिसतो की 'दीड तासात पोचू' असं कुणीतरी म्हणतंच. आमच्यातही एकजण म्हणाला. मी आदल्या रात्री पद्मावती माचीवरच्या देवळात टॉर्चच्या उजेडात नकाशा मोजून ठेवला होता, त्यामुळे नुसता हसलो.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, प्रमाण १:५०,०००. हिशेब सोपा आहे: २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. गंमत अशी की हे नकाशे अक्षांश-रेखांशाच्या १५-१५ मिनिटांच्या (म्हणजे पाव अंशाच्या) चौकटीचे असतात आणि १८° १५′ अक्षांशाची रेघ नेमकी या दोन गडांच्या मधून जाते. राजगड एका पानावर, तोरणा त्याच्या वरच्या. दोन्हींच्या झेरॉक्स काढून, समास कापून चिकटवल्या होत्या. झेरॉक्स कागदात बसवताना जरा लहान झाल्या, म्हणजे सेंटिमीटरचा हिशेब गेला. अशा वेळी खाली छापलेलं रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरच्या खुणांची पट्टी, उपयोगी पडतं, कारण नकाशासोबत तेही तेवढंच आक्रसतं. (ते कापून फेकू नका!)

दोन्ही माथ्यांमध्ये दोरा ताणून रेषाप्रमाणावर ठेवला, तर ७ किलोमीटर भरले. पण ते कावळ्यासाठी. मग तोच दोरा ओला करून सोंडेच्या वळणावळणाने बसवत नेला: अळू दरवाजा, धारेवरची वाट, डांबरी रस्ता ओलांडायची खिंड, बुधला माची, मेंगाईचं देऊळ. आता झाले साडेदहा.

चढउतारामुळे अंतर खूप वाढतं असं वाटतं, पण तसं नाही. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला एक अशा आहेत. मूळ नकाशावर दोन रेषा १ मिलिमीटर अंतरावर असल्या, तर ५० मीटर आडवं जाताना २० मीटर चढायचं. पायाखाली भरतात ५४. पोटऱ्या भरून येतात, किलोमीटर फारसे वाढत नाहीत. खरी भर पडते ती कारवीतल्या छोट्या नागमोडी वळणांनी. नकाशात ती मावतच नाहीत, दोरा तरी काय करणार?

वेळेसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम लावला: तासाला ३ मैल, शिवाय दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. रेषा मोजून चढ साधारण तेवढाच निघाला, म्हणजे एकूण सव्वातीन तास. आम्हाला दुप्पट लागले. साहेबाच्या हिशेबात सह्याद्रीचं ऊन नव्हतं, आणि खिंडीपलीकडच्या धनगराच्या घरी मिळालेलं ताकही नव्हतं.