निकालाचा रकाना

दादा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज करणार आहे आणि त्यात त्याची जुनी अटक सांगावी लागणार, त्यावरचं वहिनींचं एक वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाही. "कोर्टाने निर्दोष सोडलंय ना, मग आता परत कोणाला काय सांगायचं?" रागाने नाही, थकून म्हणाल्या. मी उत्तर दिलं आणि ते बरोबरही होतं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, बरोबर उत्तराने माणसाला नेहमी बरं वाटतंच असं नाही.

एन-४००च्या, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाच्या, नवव्या भागात तो प्रश्न आहे. जगात कुठेही, आयुष्यात कधीही अटक झाली का, पोलिसांनी ताब्यात घेतलं का, आरोप ठेवले का. शिक्षा झाली का, एवढंच विचारलं असतं तर कितीतरी घरं शांत झोपली असती. पण अमेरिकेचा हा फॉर्म अटकेबद्दल विचारतो. केस निकाली निघाली असो, रेकॉर्ड सील झालेलं असो, वकिलाने "आता तुमच्या नावावर काही उरलं नाही" असं सांगितलेलं असो, 'हो'च लिहायचं. खाली तक्ता आहे: गुन्हा कोणता, तारीख, ठिकाण, निकाल, शिक्षा.

आणि मला खुपतं ते इथेच. ज्याने काही केलंच नाही त्यानेही ती तारीख पुन्हा स्वतःच्या हाताने लिहायची. वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, निकाल मिळवायचा, आणि दुसऱ्या देशात पहिल्या ओळीपासून परत.  असो.

कागदांचं मी सांगितलंच. भारतातली केस असेल तर एफआयआर, आरोपपत्र आणि निकालाची प्रमाणित नक्कल. झेरॉक्सवर विसंबायचं नाही. हायकोर्टाने एफआयआर रद्द केला असेल तर तो आदेश. पोलिसांनीच समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, पाठवून केस बंद केली असेल, तर नुसता पोलिसांचा अहवाल पुरत नाही. मॅजिस्ट्रेटने तो स्वीकारल्याचा आदेश हवा, आणि लोक नेमके इथेच गाफील राहतात. समरी गेली म्हणजे केस संपली असं धरून चालतात. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडायचं; भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. फाइल नष्ट झाली असेल तर कोर्टाकडून तसं लेखी पत्र. नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज त्याचा आधी, नागरिकत्वाचा नंतर.

अमेरिकेतली केस असेल तर निकालाची प्रमाणित प्रत कोर्ट क्लर्ककडून मिळते. काय नोंदलंय तेच आठवत नसेल, तर एफबीआयकडून स्वतःचा रेकॉर्ड १८ डॉलरमध्ये मागवता येतो. ५०० डॉलरपेक्षा कमी दंडाच्या वाहतुकीच्या चुकीला, अटक, दारू किंवा ड्रग्ज नसतील तर, कागद जोडावे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र फार जणांना माहीत नसते. गुन्हा कबूल करून प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखालचा काळ) पूर्ण केलं आणि राज्याच्या कायद्याने केस काढून टाकली, तरी इमिग्रेशनच्या कायद्यात ती बहुतेक वेळा दोषसिद्धीच धरली जाते. प्रोबेशन चालू असताना तर अर्ज मंजूरच होत नाही. वर्तन चांगलं असणं ही नागरिकत्वाची अट आहे; त्यासाठी मागची ५ वर्षं बघतात, नागरिक जोडीदारामुळे अर्ज केला असेल तर ३. पण त्याआधीचंही विचारात घेता येतं. त्या काळात दारू पिऊन गाडी चालवल्याच्या दोन शिक्षा असतील तर वर्तन चांगलं असल्याचं सिद्ध करणं फार अवघड जातं. खून, किंवा २९ नोव्हेंबर १९९० पासून पुढे 'ॲग्रॅव्हेटेड फेलनी'ची (इमिग्रेशनच्या कायद्याने गंभीर ठरवलेल्या गुन्ह्याची) शिक्षा, ही कायमची आडकाठी. तिथे अर्ज नाकारण्यावर भागत नाही, हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते. ग्रीन कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

हे सगळं लिहून काढल्यावर दुपारचा खुपणारा काटा थोडा निघाला. दादासारख्याची जुनी अटक, निकाल हातात असताना, बहुधा अर्ज बुडवणार नाही. लपवणं बुडवू शकतं. बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात, आणि मुलाखतीत शपथेवर हाच प्रश्न पुन्हा येतो. फायद्यासाठी शपथेवर खोटं बोललं तर लपवलेली गोष्ट क्षुल्लक असली तरी वर्तनाच्या अटीत माणूस अडकतो. नागरिकत्व मिळाल्यावरही ते काढून घेण्याचा खटला होऊ शकतो. २०१७च्या मास्लेन्याक खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खोटं बोलून नागरिकत्व मिळवल्याच्या गुन्ह्यासाठी दोषी धरायचं तर खोटेपणाचा नागरिकत्व मिळण्याशी संबंध हवा. दिलासा आहे, पण त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जायचं कोणी?

वहिनींना एवढं सांगायचं राहिलं: तक्त्यात निकालाचाही रकाना आहे, आणि 'निर्दोष' हेही तिथेच लिहायचंय. मला आता ते अपमानासारखं वाटत नाही. त्यांना वाटेल, आणि वाटू दे. त्यांनी ती वर्षं काढली आहेत.

ग्रीन कार्डच्या अर्जात दादाने या प्रश्नाला काय लिहिलं होतं, ते विचारलंच नाही. तो अर्ज त्याच्या फाइलमध्ये आहे आणि अधिकारी तो ताडून बघू शकतो. प्रत नसेल तर अमेरिकेच्या माहिती अधिकाराखाली इमिग्रेशन खात्याकडूनच मागवता येते. तिथे 'नाही' लिहिलेलं निघालं, तर आधी इमिग्रेशनचा वकील, मग एन-४००.