आमची वाटचाल : चेंबरच्या नटापासून

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात 1996 साली आम्ही दोघांनी गॅरेजचं शटर उघडलं. भागीदार लेथवर वाढलेला, मी इंजिनखाली. त्यानं पहिल्याच महिन्यात बॅरल उभा कापून ऑइल धरायचा ट्रे केला. तळाला उतार, कोपऱ्यात कॉक, वर जाळी. जुन्या ऑइल फिल्टरच्या डोक्याला छिद्र पाडून तो तोंड खाली करून जाळीवर रात्रभर ठेवायचा. त्यातून काय निथळतं ते सकाळी बघावं! ट्रे आजही वापरात आहे. जळकं, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑइल गटारात जाऊ द्यायचं नाही, हा नेम तेव्हापासूनचा. ते परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं आणि पावती फाइलला लावायची.

मधली वर्षं बरी गेली. मग समोर 'दहा मिनिटांत ऑइल चेंज'चा फलक लागला. आमच्या हाताखालची दोन पोरं त्या समोरच्या गॅरेजवाल्यानं फोडली. त्याचा दर आमच्या ऑइलच्या खरेदीपेक्षाही कमी! सुटं ऑइल ओतायचं आणि निघालेलं काळं ऑइल स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला विकायचं. उरलेलं कुठं जात होतं, ते पावसाळ्यात सगळ्या गल्लीला दिसलं. जयंती नाल्याकडं जाणाऱ्या गटारावर काळा तवंग आला. तो नाला पंचगंगेला मिळतो, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आणि नोटीस कुणाला आली? आम्हाला. जुनं गॅरेज, मोठा बोर्ड, नाव सापडायला सोपं.

त्या हंगामात गिऱ्हाईक तुटलं, बँकेचे हप्ते थकले, भागीदार हिशेब करून बाजूला झाला. मी त्याला दोष देत नाही. टिकून राहिले ते मारुती आठशेवाले निवृत्त गुरुजी. प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर त्यांच्या वहीत. चौकशीला आमच्या पावत्यांची फाइल आणि गुरुजींची वही शेजारी शेजारी ठेवली. प्रकरण मिटलं. समोरच्याचं गटार मात्र कुणी तपासलं नाही, आणि ते मी विसरलेलो नाही.

आता कामाचं सांगतो. ऑइल कोमट असताना सोडा, उकळतं नको. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा नट आधी बोटांनी आट्यात बसवा, मगच पाना लावा. आटे गेले की चेंबर उतरवायची पाळी येते. नटाचा वायसर (वॉशर) दरवेळी नवा. जुना फिल्टर काढला की त्याचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, ते बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक आली की इंजिन सुरू होताच ऑइल बाहेर. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, टेकल्यावर हातानंच साधारण पाऊण फेरा. चेन पाना काढायला असतो, आवळायला नाही. शेवटी नवं ऑइल भरून इंजिन थोडं चालवून बंद करा, जरा थांबून ऑइल मोजायच्या कांडीवर लेव्हल बघा.

2016च्या नियमांत जळकं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी ते झाकणाच्या कॅनमधून आमच्याकडं आणून द्यावं, पैसे घेत नाही. त्यात कूलंट, पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका. मिसळलेला एक कॅन आख्खा बॅरल बाद करतो. फिल्टर निथळवून वेगळ्या पिशवीत आणा. रविवारी शटर बंद असतं, तेव्हा कॅन दारात ठेवून जाऊ नका.